मामा दिसला की बेल्ट, आणि मांडीवरचं बाळ

"पुढे मामा उभा आहे, बेल्ट लाव."

महाराष्ट्रात चारचाकीत बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं, आणि बहुतेकांनी म्हटलेलंही असतं. मग हात खांद्यामागे जातो, पट्टा ओढला जातो. काही थोर मंडळी तो बकलमध्ये अडकवायचेही कष्ट घेत नाहीत. नुसता छातीवर धरून ठेवतात आणि चौक मागे पडला की सोडून देतात. बेल्ट जिवासाठी असतो हे सगळ्यांना पाठ आहे, पण लावायचा तो मामासाठी.

चालकांच्या या सवयीवर आपण भरपूर बोलतो. ज्याच्या धाकाने पट्टा ओढला जातो, त्या ट्रॅफिक हवालदाराला स्वतःला बेल्टबद्दल आणि गाडीतल्या लहान मुलांबद्दल काय वाटत असेल, याचा विचार मात्र फारसा होत नाही. माझ्या डोक्यातही तो एका साध्या प्रसंगानंतर आला.

पुण्यात एका चौकात माझ्यापुढची गाडी हवालदारांनी बाजूला घेतली. चालवणाऱ्याने बेल्ट लावला नव्हता. फोटो निघाला, मशीनवर बोटं फिरली, चलान झालं. शेजारच्या सीटवर त्याची बायको आणि तिच्या मांडीवर वर्ष-दीड वर्षाचं मूल. काम उरकल्यावर हवालदार खिडकीशी वाकले, पोराला "काय रे!" म्हणाले आणि गाडी निघाली तेव्हा त्याला टाटाही केला. पोरगंही खूश. बापाला दंड आणि भाच्याला टाटा. मलाही ते दृश्य गोडच वाटलं. दहा मिनिटांनी, पुढच्या सिग्नलला उभा असताना लक्षात आलं की त्या गाडीत सगळ्यात मोठा धोका त्या पोराला होता, आणि ते मूल तसं बसवणं हाही गुन्हाच होता. बापाला, आईला, हवालदारांना आणि मागे उभ्या असलेल्या मला, कोणालाच ते दिसलं नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. १ सप्टेंबर २०१९ पासून देशात सुधारित मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-बी लागू झालं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग सांगतो की, चालकाने बेल्ट लावला नाही किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी नेले तर दंड. दुसरा भाग सांगतो की, चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा लहान मुलांसाठीच्या खास सीटने बांधलेलं नसेल तर दंड. दोन्हींना कायद्याने एक-एक हजाराचाच आकडा लावला आहे. त्याआधी बेल्ट नसण्याचा दंड पहिल्या वेळेला शंभर रुपये होता. महाराष्ट्राने मात्र वाढीव दंड लगेच घेतले नाहीत. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी फेरविचारासाठी केंद्राला पत्र लिहिलं आणि नवी दंडरचना राज्यात आली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये.

मागच्या सीटबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे, की तिथला बेल्ट उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या २०२२ मधल्या अपघाती मृत्यूनंतर सक्तीचा झाला. तसं नाही. पुढे तोंड करून बसायच्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनीही बेल्ट लावायचा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याच्या बरंच आधीपासून लिहिलेलं आहे. फक्त ते कोणी विचारत नव्हतं.

आता मांडीवरच्या मुलाकडे. "मी घट्ट धरलंय ना त्याला" हे प्रत्येक आईचं, आजीचं, मावशीचं उत्तर असतं, आणि त्यात खोट काहीच नाही. ती खरंच घट्ट धरते. पण हिशेब तिच्या मायेपुढेही वाकत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं मूल त्या क्षणी साधारण एकशे चाळीस किलोच्या ओढीने पुढे जातं. गव्हाची पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती, अचानक, कसलीही सूचना न देता, हातातून निसटायला बघतात. कोणाचेही हात ते पेलू शकत नाहीत. शिवाय धरणाऱ्या बाईने स्वतः बेल्ट लावलेला नसेल तर तीही पुढे फेकली जाते. मधे काय असतं? मूल. आणि दोघांना मिळून एकच बेल्ट लावला, जो अनेकजण मोठ्या काळजीने लावतात, तर आईचा सगळा भार पट्ट्यासकट मुलावर दाबला जातो.

मोठ्यांसाठीही हाच हिशेब आहे. ५० च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या आसपासहून, खाली पडणं. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्यावर मूल मांडीत घेऊन कोणी बसत नाही. गाडीत बसतो, कारण गाडीत आपण स्थिर वाटतो. वेग अंगाला जाणवत नाही, एसी चालू असतो, गाणी लागलेली असतात.

यात एअरबॅगची भर पडली आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या नव्या गाड्यांना पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या, हे चांगलंच झालं. पण एअरबॅग हवेच्या उशीसारखी हळू फुगत नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती स्फोटासारखी उघडते आणि ती बनवली आहे बेल्ट लावलेल्या मोठ्या माणसासाठी. पुढच्या सीटवर मांडीत बसलेल्या मुलाचं डोकं नेमकं तिच्या तोंडाशी असतं. म्हणजे गाडी आईसाठी सुरक्षित झाली, आणि तिच्या मांडीवरच्या जागेचा धोका मात्र वाढला.

मांडी सुरक्षित असते ही समजूत काही आपलीच मिरास नाही. लहान मुलांच्या सीटची अमेरिकेतली पहिली सक्ती टेनेसी राज्यात १ जानेवारी १९७८ पासून झाली. रॉबर्ट सँडर्स नावाच्या मुलांच्या डॉक्टरांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. पण विधेयक मंजूर होताना आमदारांनी त्यात एक पळवाट घातली, की मोठ्या माणसाने मूल हातात धरलं असेल तर चालेल. कायदा मुलांना वाचवण्यासाठी आणि सूट नेमकी मुलांना चिरडणाऱ्या सवयीला. कायद्याच्या समर्थकांनी त्या दुरुस्तीला नावच ठेवलं होतं, 'मूल चिरडणारी दुरुस्ती'. १९८१ मध्ये ती काढली गेली. तिथल्या कायदेमंडळालाही मांडीचा मोह सुटायला तीन वर्षं लागली. आपल्या चौकातल्या हवालदाराला तो सुटत नसेल तर त्यात नवल काय?

हवालदाराच्या जागी उभं राहून बघू. ऊन, धूर, चारही बाजूंनी हॉर्न. त्याचं पहिलं काम वाहतूक वाहती ठेवणं. त्यातून वेळ मिळाला तर कारवाई. समोरून येणाऱ्या गाडीच्या काचेतून त्याला एका नजरेत दिसतो तो चालकाच्या छातीवरचा तिरका काळा पट्टा. आहे किंवा नाही. वाद घालायला जागा नाही, फोटोत पुरावा येतो, मशीनमध्ये नोंद होते. हेल्मेट आणि सीटबेल्ट हे गुन्हे म्हणूनच पोलिसांना सोयीचे पडतात. ते किती धोकादायक आहेत यापेक्षा ते किती स्वच्छ दिसतात यावर बरंच काही ठरतं.

मागची सीट अंधारात असते. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली, तरी बाहेर ऊन असताना आत वाकून बघितल्याशिवाय मागे कोणी बेल्ट लावलाय का ते कळत नाही. वरच्या कॅमेऱ्याचीही तीच गत. तो पुढच्या काचेतून पुढचे दोघे टिपतो. मागची माणसं त्याच्या दृष्टीने जवळजवळ नसतातच.

आणि मूल? मुलासाठी गाडी थांबवावी लागते. थांबवली की वय विचारावं लागतं. एसटीत अर्ध्या तिकिटाच्या वेळी "अहो, पाचचा कुठला, आत्ताशी साडेचारचा आहे तो" हा संवाद ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. कंडक्टरला तरी निदान अर्ध्या तिकिटाचे पैसे मिळतात. हवालदाराला नुसता वाद मिळतो, मागे गाड्यांची रांग लागते, रडणारं मूल असतं आणि मोबाइलवर शूटिंग करणारा बापही असतो.

त्याहून मोठी अडचण खुद्द कायद्याच्या वाक्यात आहे. "बेल्टने किंवा खास सीटने." या 'किंवा'ने सगळा घोटाळा केला आहे. तीन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट लावला तर कायद्याच्या शब्दाला धरून सगळं ठीक. पण मोठ्यांच्या बेल्टचे दोन भाग मोठ्यांच्या हाडांसाठी आखलेले असतात. खांद्यावरचा भाग गळपट्टीच्या हाडावरून आणि छातीवरून जायला हवा, खालचा भाग कमरेच्या हाडावर टेकायला हवा. तीन वर्षांच्या पोराला वरचा भाग थेट गळ्यावर येतो आणि खालचा पोटावर, म्हणजे आतड्यांवर आणि यकृतावर. म्हणून ब्रिटनमध्ये बारा वर्षांचं होईपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलाला खास सीट किंवा उंचवटा देणारी गादी लागते. जर्मनीत ही उंचीची रेषा १५० सेंटिमीटर आहे. तान्ह्या बाळांची सीट तर उलटी, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवतात, कारण बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं आणि मान ते झेलू शकत नाही. उलट्या सीटमध्ये पाठ, मान आणि डोकं एकत्र सीटवर दाबली जातात. (ही उलटी सीट पुढच्या एअरबॅगसमोर मात्र कधीही ठेवायची नाही.) जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा सीटमुळे तान्ह्या मुलांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. इतका फायदा देणाऱ्या वस्तूबद्दल आपल्या कायद्याने हवालदाराच्या हातात मोजता येईल अशी एकही खूण दिलेली नाही.

समजा त्याने कारवाई केलीच, तर पुढे काय? चालकाला तो म्हणू शकतो, "बेल्ट लावा आणि निघा." चूक जागेवर सुधारते. मुलाची सीट रस्त्यात उभ्या उभ्या कुठून आणणार? चलान हातात घेऊन तीच गाडी, तीच मांडी, तेच मूल पुढे जाणार. ज्या कारवाईने समोर काहीच बदलत नाही ती करायला कोणाचा हात लवकर वळत नाही.

शिवाय हवालदारही बाप असतो, आणि तो बहुधा दुचाकीवाला बाप असतो. त्याचं स्वतःचं पोर ॲक्टिव्हावर पुढे उभं राहून शाळेत जातं. दुचाकीवरच्या चार वर्षांखालच्या मुलांसाठीही केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला: मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी ४० च्या आत. वर्षभरानंतर तो लागू झाला. असा पट्टा लावलेलं मूल तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? मी अजून पाहायचाच आहे. रोज शेकडो मुलं उघड्या दुचाकीवरून जाताना बघणाऱ्या माणसाला, चार दारांच्या आत आईच्या कुशीत बसलेलं मूल हे शहरातलं सर्वात सुखरूप मूल वाटतं. त्याच्या जागेवरून बघितलं तर हे वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आणि कारवाले आईबापही नेमकं हेच समजतात.

शहरातला मामा आणि महामार्गावरचा मामा यांत फरक करायला हवा. शहरात तो कोंडी बघतो. महामार्गावर तो पंचनामे करतो, काच फोडून माणसं बाहेर काढतो. बेल्ट ज्याच्यासाठी नुसतं कलम आहे आणि ज्याच्यासाठी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे, त्यांच्या आवाजात फरक पडणारच. "शहरात तीस-चाळीसचा स्पीड, कशाला हवा बेल्ट" हा विचार चालकाचा असतो तसाच वर्दीतल्या माणसाचाही असू शकतो.

पण शहरच म्हणाल तर ३ जून २०१४ ची सकाळ आठवा. केंद्रीय मंत्री होऊन जेमतेम आठवडा झालेले गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते, बीडला यायला. राजधानीतला साधा चौक, दुसऱ्या एका गाडीची बाजूने धडक. मुंडे मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. बाहेरून फारसं काही दिसत नव्हतं, घात आत झाला होता. त्या वेळचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की मागचा बेल्ट शोभेचा असतो या समजुतीने आपण एक मित्र गमावला. महाराष्ट्र हळहळला. महिनाभर बोललं गेलं.

आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. महागडी, सगळ्या सुविधा असलेली गाडी. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. या वेळी यंत्रणा हलली. मुंबई वाहतूक पोलिसांनी जाहीर केलं की १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट. आणि तिथेच खरी परिस्थिती उघडी पडली. काळ्या-पिवळ्या टॅक्सींत मागे बेल्ट होतेच कुठे? ज्या खासगी गाड्यांत होते तिथे बकलं सीट कव्हरखाली गाडली गेली होती. टॅक्सीवाल्यांच्या संघटनांनी ओरड केली, पोलिसांनी आधी काही दिवस नुसती समज द्यायचं ठरवलं. मला वाटतं त्या दिवसांत मुंबईतल्या हवालदाराची अवस्था सगळ्यात अवघड होती. वरून आदेश, समोर पोट भरणारा टॅक्सीवाला, आणि गाडीत मुळात नसलेल्या वस्तूबद्दल दंड.

त्याच काळातली आणखी एक गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही. बेल्ट लावला नाही की गाडीत पिंपिं वाजतं. ते बंद व्हावं म्हणून बकलमध्ये अडकवायची नुसती क्लिप ऑनलाइन धडाक्यात विकली जात होती. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या संकेतस्थळांना ती काढायला लावली आणि तेरा हजारांहून अधिक जाहिराती उतरवल्या गेल्या. जीव वाचवणारा पट्टा फुकट मिळालेला असताना तो न लावण्यासाठी पैसे मोजणारे आपण. यात मामाने एकट्याने काय करावं?

आकडे मात्र शांतपणे आपलं सांगत राहतात. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात बेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ माणसं मेली. त्यातले चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. म्हणजे बेल्टविना मरणारे जवळजवळ निम्मे लोक गाडी चालवतच नव्हते, आणि आपली तपासणीची नजर अजूनही स्टिअरिंगमागच्या छातीवरच जाते.

वर्दीच्या बाजूने एक अवघड गोष्ट उरते, ती पोलिसांच्या स्वतःच्या गाडीची. जीपमध्ये मागे समोरासमोर बसायचे बाक असतात. नियम पुढे तोंड करून असलेल्या सीटबद्दल बोलतो, त्यामुळे त्या बाकांवर बसलेल्या शिपायांना लावायला बेल्टच नसतो. वर्षानुवर्षं विनाबेल्ट धावत्या गाडीत बसून ड्युटी केलेल्या माणसाने दुसऱ्याला बेल्टचं महत्त्व मनापासून सांगावं, ही अपेक्षा थोडी जादा आहे. पुढे बसलेल्या साहेबांना मात्र बेल्ट असतो. ते लावतात का हे तुम्हीच बघा. याच सुधारित कायद्यात २१०-बी नावाचं एक कलम आहे. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड. किती हवालदारांना हे कलम माहीत असेल कोण जाणे. नागरिकांना तर नाहीच.

मग मुलांच्या सीटची सक्ती खरंच करून बघितली तर काय होतं? केरळमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये परिवहन आयुक्तांनी ठरवलं. चार वर्षांपर्यंतच्या मुलांना मागे खास सीट, त्याहून मोठ्या पण १३५ सेंटिमीटरखालच्या मुलांना उंचवटा देणारी गादी. एक महिना प्रबोधन, एक महिना समज, डिसेंबरपासून दंड. आखणी चांगली होती. दोनेक दिवसांतच परिवहनमंत्री गणेश कुमार यांनी ती मागे घेतली. सक्ती नाही, फक्त जागृती. सीटची किंमत, सगळीकडे न मिळणं, लोकांची नाराजी, सगळंच खरं होतं. चौकातल्या पोलिसाला मात्र यातून स्पष्ट निरोप गेला, की या कलमासाठी तुझ्यामागे कोणी उभं राहणार नाही.

याउलट अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आपल्या आजी-आजोबांना विचारा. नातवंडाला दवाखान्यातून घरी आणतानाच कार सीट बसवली आहे का, हे तिथे आधी बघितलं जातं. बाळ आकांत करत असतं, आजीचा जीव तुटतो, "अगं दोन मिनिटं घेते मांडीवर" म्हणून ती कळवळते, आणि सून ठामपणे नाही म्हणते. तीच आजी सहा महिन्यांनी परत येते आणि इथल्या नातीला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन लग्नाला जाते. समज तीच, माया तीच. तिथे सुनेच्या मागे कायदा उभा होता आणि रस्त्यावरचा पोलीस तो राबवेल याची खात्रीही होती.

वॉटर पार्कच्या दारात एक रंगवलेली पट्टी असते. तिच्यापेक्षा बुटक्या मुलाला मोठ्या घसरगुंडीवर सोडत नाहीत. तिथे कोणी वयावरून भांडत नाही, कारण रेषा सगळ्यांना दिसते. पट्टीपाशी उभा असलेला पोरगा विशीचा असतो, त्याला अपघातशास्त्र माहीत नसतं आणि मुलांचा फार पुळकाही नसतो. त्याच्याकडे एक रेषा असते, आणि ती पाळल्याबद्दल मालक त्याला ओरडत नाही.